ताप उतरला, मग दाह का उतरला नाही? लॅबच्या खिडकीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याचे तीन-चार महिने आमच्या लॅबची खिडकी म्हणजे अर्धा दवाखाना आणि अर्धी चावडी. अमळनेर, पारोळा, धरणगावकडची माणसं येतात, रक्त देऊन हाताच्या वळीत कापूस दाबून बाकावर बसतात आणि रिपोर्ट निघेपर्यंत प्रश्न विचारतात. डेंग्यू असो, चिकनगुनिया असो की फ्लू, बोलणं फिरून एकाच जागी येतं. जंतू मारायला निघालेलं शरीर स्वतःलाच का भाजून घेतं, म्हणजे दाह का पेटतो? याचं बरंचसं उत्तर ‘इन्फ्लमासोम’ नावाच्या प्रथिनसंकुलात आहे. खिडकीवर ते दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून हे पान. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्त बघतो, औषध लिहून देत नाही, आणि इथेही दिलेलं नाही.

“ताप ते उतरी गया ना भाऊ, मंग आते परत तपासनी कसाले?”

एका आजींनी नातवासाठी हे विचारलं होतं, जरा रागानेच. राग रास्त होता, कारण सकाळीच एकदा सुई टोचून झाली होती. पण डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि धोक्याचे २४ ते ४८ तास तिथूनच सुरू होतात. त्या वेळी रक्तातला विषाणू ओसरत चाललेला असतो. चढलेला असतो तो त्याला पाहून उठलेला गदारोळ. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, रक्तातलं पाणी पोटात आणि फुप्फुसांभोवती झिरपतं, आणि वाहिन्यांत उरलेलं रक्त दाट होतं. विषाणूचं एनएस१ हे प्रथिनही या गळतीला हातभार लावतं, पण मोठा वाटा आपल्याच पेशींनी सोडलेल्या संदेशांचा.

दाटपणा मोजायला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, बघतात. नातवाचा सकाळी ३८ होता, संध्याकाळी ४४. सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या दोन्ही केशनळ्या मी आजींसमोर शेजारी-शेजारी धरल्या. दुसऱ्या नळीत लाल थर वर सरकला होता आणि त्यावरचं पिवळं पाणी तेवढंच कमी झालं होतं. आजी काही बोलल्या नाहीत. पिशवीतून फोन काढला आणि मुलाला म्हणाल्या, गाडी घेऊन ये.

इन्फ्लमासोम म्हणजे पेशी, रसायन की आजार?

पेशीच्या आत, गरज पडली तरच जोडलं जाणारं एक यंत्र. एरवी त्याचे भाग पेशीत सुटे फिरत असतात. हे नाव २००२ सालचं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेत फाबिओ मार्टिनॉन आणि सहकाऱ्यांनी ही जुळणी दाखवून दिली आणि तिला नाव दिलं.

भाग मुख्यतः तीन. पहिला पहारेकरी. त्यात बरेच प्रकार आहेत. एनएलआरपी३ सगळ्यांत अभ्यासलेला, एआयएम२ भलत्या जागी सापडलेला डीएनए ओळखतो, आणि एनएलआरपी१, एनएलआरसी४ हेही त्याच कामाचे. दुसरा भाग म्हणजे एएससी हे जोडणारं प्रथिन. तिसरा कॅस्पेज-१, जो कात्रीचं काम करतो.

पहारेकऱ्याला धोका जाणवला की त्याच्यासारखेच आणखी काही येऊन चिकटतात. एनएलआरसी४ चं असं १०-१२ पाकळ्यांचं चाक बनतं, एनएलआरपी३ ची तबकडी. त्यावर एएससी रांगेने जमू लागतं आणि इथे घडतं ते विरजणासारखं. चमचाभर विरजण घातलं की सगळं दूध त्याच वाटेने जातं, तसं थोडं एएससी एकत्र आलं की पेशीतलं जवळपास सगळं एएससी काही मिनिटांत एका ठिपक्यात गोळा होतं. एका पेशीत बहुधा एकच ठिपका, आकार सुमारे एक मायक्रोमीटर. लाल रक्तपेशी सात-आठ मायक्रोमीटरची असते, म्हणजे रेणूंच्या जगात हा ठिपका डोंगराएवढा. चमकणारा रंग लावला तर सूक्ष्मदर्शकात तो स्पष्ट दिसतो. २०१४ साली असंही दिसलं की पेशी फुटल्यावर हे ठिपके बाहेर पडतात, शेजारच्या पेशी ते गिळतात आणि मग तिथलं एएससीही जमू लागतं. एका घरचं विरजण दुसऱ्या घरी गेलं, म्हणा ना.

मग ती कात्री कापते काय?

दोन गोष्टी, आणि दोन्ही महत्त्वाच्या.

एक म्हणजे इंटरल्युकिन-१ बीटा. हा दाहाचा मुख्य संदेश पेशीत आधी कच्च्या रूपात बनतो, ३१ किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचं माप). तसा तो निरुपयोगी. कॅस्पेज-१ ने कापून १७ किलोडाल्टनचा केला की तो कामाला लागतो. त्याचा भाऊ इंटरल्युकिन-१८ हाही असाच कापला जातो.

दुसरी गोष्ट गॅस्डर्मिन डी. याचं काम २०१५ साली बीजिंगमधल्या फेंग शाओ यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या विश्व दीक्षित यांच्या गटाने स्वतंत्रपणे उलगडलं. कापलेलं गॅस्डर्मिन पेशीच्या आवरणात जाऊन वर्तुळाकार भोकं पाडतं. भोकाचा व्यास सुमारे २० नॅनोमीटर. तयार इंटरल्युकिन-१ बीटा त्यातून सहज बाहेर पडतो. डेंग्यूचा विषाणू ५० नॅनोमीटरचा, तो काही तिथून निसटत नाही. भोकं फार झाली की पेशी फुगते आणि फुटते. हे शेवटचं फुटणं आपोआप होतं असंच आम्ही शिकलो होतो. २०२१ साली कळलं की त्यालाही एनआयएनजे१ नावाचं वेगळं प्रथिन लागतं. परीक्षेत मी चुकीचं लिहून पूर्ण मार्क घेतले, असं आता म्हणायचं.

या मरणाला पायरोप्टोसिस म्हणतात. पेशी गुपचूप आवरून घेते तो प्रकार वेगळा. इथे पेशी दंगा करून मरते, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूच्या पेशी सावध होतात. सांडणाऱ्या मालात एलडीएच हे विकर असतं. कोविडच्या दिवसांत रिपोर्टवर ‘एलडीएच वाढलं’ असं लिहिलेलं अनेकांनी पाहिलं असेल. पेशी कशानेही फुटली तरी एलडीएच वाढतं, त्यामुळे त्यावरून थेट इन्फ्लमासोमवर बोट ठेवता येत नाही.

एवढं घातक यंत्र शरीर चुकून चालू करत नाही का?

ते टाळण्यासाठी बँकेच्या लॉकरसारखी सोय आहे, दोन चाव्या लागतात. पहिली चावी म्हणजे ‘काहीतरी परकं आलंय’ ही खबर. ती मिळाली की पेशी एनएलआरपी३ आणि कच्चं इंटरल्युकिन-१ बीटा बनवून ठेवते. नुसती तयारी. दुसरी चावी म्हणजे प्रत्यक्ष मोडतोड. पेशीतलं पोटॅशियम बाहेर गळणं, लायसोसोमची पिशवी फाटणं, मायटोकॉन्ड्रिया बिघडणं. दोन्ही मिळाल्या की ठिपका जमतो.

काही लोकांमध्ये एनएलआरपी३ चं जनुकच बिघडलेलं असतं आणि दुसरी चावी नसतानाही कुलूप उघडतं. अशा माणसाला नुसत्या गार वाऱ्याने ताप भरतो, अंगावर पुरळ उठतं, सांधे धरतात. हे जनुक २००१ साली सापडलं ते याच दुर्मीळ घराण्यांमुळे, विषाणूंमुळे नव्हे.

विषाणू तर पेशीच्या आत लपतो. पहारेकऱ्याला तो दिसतो कसा?

बहुतेक वेळा विषाणू दिसत नाहीच, त्याने केलेली नासधूस दिसते. घरात चोर दिसला नाही तरी कडी तुटलेली दिसते, तसं.

इन्फ्लुएंझा घ्या. त्याच्याकडे एम२ नावाचं प्रथिन असतं. पेशीतल्या पडद्यांत ते छिद्र करून आम्लाचं गणित बिघडवतं. एनएलआरपी३ ला तेवढं पुरतं, हे २०१० साली दिसलं. कोविडच्या विषाणूचं ओआरएफ३ए आणि त्याच्या आवरणातलं ई प्रथिन असाच आयनांचा गोंधळ घालतात. सर्दीच्या ऱ्हायनोविषाणूचा किस्सा मला सगळ्यांत आवडतो. या विषाणूला स्वतःची प्रथिनं कापायला एक कात्री लागते. आपल्या श्वासनलिकेच्या पेशींत एनएलआरपी१ चा एक तुकडा असा ठेवलेला असतो की ती कात्री त्यावरही चालावी. विषाणूने तो कापला रे कापला की सापळा बंद. एचआयव्हीच्या कात्रीसाठी सीएआरडी८ हे प्रथिन असाच सापळा लावून बसतं.

विषाणूही बावळट नाहीत. इन्फ्लुएंझाचं एनएस१ प्रथिन (डेंग्यूच्या एनएस१ शी फक्त नाव सारखं) इन्फ्लमासोमला लगाम घालायचा प्रयत्न करतं, देवी-कुळातल्या काही विषाणूंकडे थेट एएससीला धरून ठेवणारं प्रथिन आहे. मूळ यंत्र कामाचं नसतं तर विषाणूंनी त्याच्यावर इतका खर्च केला नसता.

भर मे महिन्यात, ४५ अंशात, माणूस गोधडी का मागतो?

कारण मेंदूतला थर्मोस्टॅट वर सरकवलेला असतो. इंटरल्युकिन-१ बीटा रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो, तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई२ बनतं आणि हायपोथॅलॅमसला निरोप जातो की आता ३७ वर भागणार नाही, ३९ पाहिजे. मग ३७ वर असलेल्या शरीराला स्वतःचंच अंग गार वाटतं. थंडी वाजते, दात वाजतात, स्नायू थरथरून उष्णता बनवतात. बाहेर भुसावळचं ऊन असलं तरी फरक पडत नाही. थर्मोस्टॅट खाली आला की दरदरून घाम फुटतो आणि घरचे म्हणतात, सुटला एकदाचा.

हा संदेश किती जालीम आहे? माणसाला किलोमागे काही नॅनोग्रॅम टोचला तरी ताप चढतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, म्हणून ताप उतरतो. पण वर जे यंत्र सांगितलं त्याला ते हातही लावत नाही. गोळीने ताप उतरला याचा अर्थ दाह थांबला असा होत नाही, तो इथून.

रिपोर्टमध्ये इन्फ्लमासोमचा आकडा कुठे असतो?

नसतो. रक्तात फिरणारं इंटरल्युकिन-१ बीटा इतकं कमी आणि इतकं अल्पायुषी असतं की तालुक्याच्या लॅबमध्ये ते मोजून उपयोग नाही. आम्ही त्याच्या सावल्या मोजतो. इंटरल्युकिन-१ मुळे इंटरल्युकिन-६ वाढतं, ते यकृताला उठवतं, आणि यकृत सीआरपी हे दाहाबरोबर वाढणारं प्रथिन बनवू लागतं. सीआरपी सहा-आठ तासांत चढायला लागतं, दोन दिवसांच्या आसपास कळस गाठतं आणि कारण संपलं की साधारण १९ तासांना निम्मं होतं. म्हणून एका सीआरपीपेक्षा दोन दिवसांतले दोन सीआरपी जास्त सांगून जातात. पहिला आकडा बघून रडणाऱ्या आणि पहिलाच आकडा बघून निर्धास्त होणाऱ्या, दोघांनाही मी हेच सांगतो.

ईएसआर जुनी तपासणी, पण मला प्रिय, कारण ती डोळ्यांनी दिसते. २०० मिलिमीटरच्या खुणा असलेली काचेची नळी रक्ताने भरून स्टँडवर उभी करायची आणि एक तास हात लावायचा नाही. निरोगी माणसाच्या नळीत तासाभरात वर बोटभरही पिवळा पट्टा दिसत नाही. चिकनगुनियाने सांधे धरलेल्या एका मावशींच्या नळीत पाऊण तासातच लाल रंग अर्ध्याच्या जवळ घसरला होता. दाहामुळे यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवतं, लाल पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या होतात आणि जड होऊन भराभर खाली बसतात. डेंग्यूत मात्र रक्त दाट झालं की ईएसआर उलट कमी दिसतो. आकडा कमी म्हणून खूश होऊ नका.

इम्यून कॉम्प्लेक्स म्हणजे हेच ना?

नावं सारखी वाटतात, गोष्टी वेगळ्या. इम्यून कॉम्प्लेक्स म्हणजे परका पदार्थ आणि त्याला चिकटलेलं प्रतिपिंड यांची जोडगोळी. ती पेशीबाहेर, रक्तात बनते. इन्फ्लमासोम पेशीच्या आत. पण दोघांची गाठ पडते आणि तिथेच डेंग्यूचं दुसऱ्यांदाचं दुखणं समजतं.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं राहतात. पुढे दुसरा प्रकार आला तर ही जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात, पण पुरती मारू शकत नाहीत. चिकटलेली जोडगोळी मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी आवडीने गिळतात. म्हणजे विषाणूला आयतं वाहन मिळालं, आणि तेही नेमकं इन्फ्लमासोमने भरलेल्या पेशीत. “मागे झाला होता, आता होणार नाही” हे वाक्य डेंग्यूबाबत धोक्याचं आहे.

कोविडमध्येही २०२२ साली असंच काहीसं दिसलं. रुग्णांच्या रक्तातल्या सुमारे ६ टक्के मोनोसाइटमध्ये विषाणू शिरलेला होता, प्रतिपिंडांच्या मदतीने, आणि त्या पेशी पायरोप्टोसिसने मरत होत्या. लस घेतलेल्या निरोगी लोकांच्या प्रतिपिंडांनी मात्र विषाणूला असं आत नेलं नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना पहिलं वाक्यच फिरलं.

प्लेटलेट ४० हजार आहेत. पपईच्या पानांचा रस देऊ का?

रसाने आकडा थोडा चढतो असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. पण डेंग्यूचा रुग्ण बहुधा आकड्याने जात नाही, गळतीने जातो, आणि त्या गळतीवर रस काही करतो असं दिसलेलं नाही. वर तो इतका कडू की ओकाऱ्या सुरू होतात आणि पोटात जायचं पाणीच जात नाही.

प्लेटलेटची एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी. त्यांना आपण रक्त गोठवणारे तुकडे समजतो. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की डेंग्यूत प्लेटलेटच्या आतही एनएलआरपी३ चालू होतं, त्या इंटरल्युकिन-१ बीटा सोडतात आणि रक्तवाहिन्या गळक्या व्हायला मदत करतात. केंद्रक नसलेला एवढासा तुकडा, तोही या दंग्यात सामील.

पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, फार मलूलपणा किंवा चिडचिड, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं. यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. आणि तापात अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकची सुई, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. सुई लावली की बरं वाटतं हे खरं, रक्तस्रावाचा धोका वाढतो हेही खरं.

मग हे यंत्र सुरुवातीलाच बंद का करत नाहीत?

या पानावरचा हा कळीचा प्रश्न, म्हणून जरा थांबून.

२००९ साली दोन गटांनी इन्फ्लमासोमचे भाग नसलेल्या उंदरांना इन्फ्लुएंझा दिला. वाटलं असतं की दाह नाही तर उंदीर तगतील. उलट ते जास्त मेले. यंत्राशिवाय फुप्फुसांचा बचावच उभा राहिला नाही. पुढे २०१६ साली एमसीसी९५० हे एनएलआरपी३ रोखणारं रसायन वापरून एक साधा पण बोलका प्रयोग झाला. उंदरांना ते संसर्गाच्या पहिल्या दिवसापासून दिलं तर ते अधिक आजारी पडले. तिसऱ्या दिवसानंतर दिलं तर वाचले. रसायन तेच, विषाणू तोच. फरक फक्त दिवसाचा.

माणसात हे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने दिसलं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत, २०२० साली, व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आलं. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात ते १४ चं १७.८ झालं. हा दुसरा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का नव्हता, पण फायदा नव्हता हे स्पष्ट होतं.

आमच्याच घरातलं सांगतो. एप्रिल २०२१. माझ्या मामांना दुसऱ्या दिवशी नुसता ताप होता, ऑक्सिजन ९७. कुणीतरी फोनवर पाठवलेल्या यादीप्रमाणे त्यांनी स्टेरॉइड सुरू केलं. मला विचारलं नाही, कारण “तू नुसतं रक्त बघतोस”. सहाव्या दिवशी त्यांची साखर ४०० च्या वर होती, आणि विषाणूला सुरुवातीचे दिवस मोकळं रान मिळालं होतं ते वेगळंच. बरे झाले, पण तीन आठवडे लागले. अजून ती यादी त्यांच्या फोनमध्ये आहे, पुसू देत नाहीत.

इंटरल्युकिन-१ चा दरवाजा अडवणारं ॲनाकिन्रा हे औषध युरोपने डिसेंबर २०२१ मध्ये कोविडसाठी मान्य केलं. ज्या चाचणीवरून ते झालं तिच्यात आधी सुपार नावाच्या प्रथिनाची रक्ततपासणी करून, बिघडण्याच्या वाटेवर असलेलेच रुग्ण निवडले होते. आणि विषाणूपलीकडचं एक उदाहरण. २०१७ च्या कँटोस चाचणीत १०,००० हून अधिक हृदयरुग्णांपैकी काहींना इंटरल्युकिन-१ बीटाविरुद्धचं प्रतिपिंड टोचलं. हृदयविकाराचे झटके घटले, पण जीवघेणे संसर्ग किंचित वाढले. पहारेकरी घरी पाठवला की हे होणारच.

प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा घ्यावा का?

आवडत असेल तर प्या. पण गंभीर रुग्णात कमी पडलेली गोष्ट म्हणजे ‘शक्ती’ हे समीकरणच मला पटत नाही. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींवर एनएलआरपी३ ला दाबतं, हे खरं. ते तोंडाने घेतलं तर रक्तात फारच थोडं पोचतं, हेही तितकंच खरं. हळद भरीताला घाला.

शुगर आणि वजनवाल्यांनाच जास्त का भोवतं?

दोन चाव्यांची गोष्ट आठवा. वाढलेली साखर, रक्तातली संपृक्त चरबी, यूरिक ॲसिडचे आणि कोलेस्टेरॉलचे स्फटिक, हे सगळे एनएलआरपी३ ला डिवचणारे. अशा माणसात चाव्या वर्षानुवर्षं अर्ध्या फिरलेल्याच असतात. विषाणू येतो तो फक्त उरलेल्या फिरवायला. गाऊटचा अंगठा रात्रीतून लालबुंद होतो तोही याच यंत्रामुळे, हे २००६ साली समजलं. त्यावरचं जुनं औषध कोल्चिसिन यंत्राची जुळणी अडवतं, म्हणून कोविडमध्येही करून पाहिलं. रिकव्हरी चाचणीत दाखल रुग्णांना त्याचा फायदा झाला नाही.

चिकनगुनिया होऊन सहा महिने झाले, सांधे अजून का धरतात?

रक्तातला विषाणू आठवडाभरात जातो, पण सांध्यातल्या मॅक्रोफेजमधला दाह रेंगाळतो. २००६ च्या साथीत मी स्वतः विद्यार्थी असताना आजारी पडलो होतो. दिवाळीपर्यंत नळाची तोटी फिरवता येत नव्हती, मित्राकडून बाटलीचं झाकण उघडून घ्यायचो. या आजाराचं नाव टांझानियातल्या माकोंडे भाषेतलं, अर्थ ‘वाकवून टाकणारा’. तेव्हा मला ते नाव शब्दशः लागू होतं. चिकनगुनियात एनएलआरपी३ चालू होतं हे रुग्णांच्या रक्तात आणि उंदरांच्या सांध्यांत दिसलेलं आहे. त्यावर नेम धरून दिलेलं औषध मात्र अजून दुकानात नाही. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल तर सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवा, कधीकधी आमवात निघतो.

वटवाघळात इतके विषाणू असतात, ती का मरत नाहीत?

त्यांनी आवाज कमी करून ठेवलाय. सिंगापूरच्या गटाने २०१९ साली दाखवलं की वटवाघळांच्या पेशींत एनएलआरपी३ मंद चालतं. विषाणूचं प्रमाण माणसाइतकंच, दाह मात्र माफक. पुढे २०२३ मध्ये याच कामाला मदत करणारं एएससी२ हे प्रथिनही त्यांच्यात सापडलं. उडण्याची प्रचंड दगदग सोसायला ही सवय लागली असावी, असा एक तर्क आहे.

नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तो माणसात इतका घातक का मानतात?

भारतातला एच५एन१ चा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या कोंबड्यांमध्ये झाला. तिथे माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. पण त्याच वर्षी व्हिएतनाममधल्या रुग्णांचा अभ्यास आला. जे दगावले त्यांच्या घशात विषाणू खूप होता आणि रक्तात दाहाचे संदेशही तितकेच चढलेले. विषाणू आणि दाह दोन्ही एकदम भडकलेले असताना नुसता दाह विझवून भागत नाही, विषाणूरोधक औषध लवकर लागतं.

पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, मग साठवायचं नाही का?

साठवा, झाका. आणि आठवड्यातून एकदा ड्रम, रांजण, कूलरची टाकी रिकामी करून भिंती घासा. नुसतं पाणी ओतून देऊन उपयोग नाही. डेंग्यू-चिकनगुनिया पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या कडेने भिंतीला चिकटतात आणि कोरडी महिनोन्महिने टिकतात.

“साहेब, आम्ही हरण्या आलेलं झाड उपटून टाकतो, तसंच ना हे?”

रावेरकडचे एक केळीवाले काका बायकोच्या रिपोर्टसाठी बसले होते, चित्रं काढून मी हेच कुणालातरी समजावत होतो, ते ऐकून त्यांनी विचारलं. मला जे दहा वाक्यांत जमत नव्हतं ते त्यांनी एकात सांगितलं. मृगात लावलेल्या केळीच्या बागेत हरण्या, म्हणजे सीएमव्ही या विषाणूचा रोग, आला की पानावर पिवळे पट्टे उठतात, मावा ही कीड तो शेजारच्या झाडावर नेते, म्हणून रोगट झाड मुळासकट काढून नष्ट करतात. पेशी फुटते ती त्याच हिशोबाने.

वर वनस्पतींनाही असे पहारेकरी आहेत, हे ऐकून ते सरसावून बसले. आपल्या एनएलआरपी३ च्या घडणीशी नातं सांगणारी प्रथिनं रोपांत असतात. २०१९ साली त्यातल्या झेडएआर१ ची पाच पाकळ्यांची जुळणी चीनमधल्या शास्त्रज्ञांनी उलगडली. तिला रेझिस्टोसोम म्हणतात. ती पेशीच्या आवरणात छिद्र करते आणि रोगाच्या ठिपक्याभोवतीची पेशी मरून कडं आखते. पानावरचा वाळका डाग कधीकधी रोग नसतो, झाडाने आखलेली हद्द असते.

काकांनी पुढचा प्रश्न विचारला, “दहा झाडं काढली तर बाग वाचती. पण घाबरून अर्धी बाग उपटली तर?”

तेवढ्यात काकूंचा रिपोर्ट निघाला. तापाचा सहावा दिवस, हिमॅटोक्रिट ४१ वरून ३७ वर उतरलेला, प्लेटलेट ३८ हजारांवरून ६२ हजारांवर. काकांनी आधी कागद माझ्याकडे फिरवला, मग स्वतः वाचला, आणि विचारलं की आता भाकरी दिली तर चालंल का.